जयकरांची राजकीय पत्रं: आधी स्थळप्रत, मग मन

प्रश्न थोडक्यात असा: एक संशोधक विद्यार्थी बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या १९२३ ते १९३७ या काळातल्या राजकीय पत्रव्यवहारावर पीएच.डी. करतो आहे. त्याचे मार्गदर्शक म्हणतात, भाषणं जगासाठी असतात, पत्रांत माणूस खरं बोलतो, तेव्हा पत्रांवरच भर दे. कागद दिल्लीला आहेत एवढं त्याला ठाऊक आहे. सुरुवात कुठून करू, पत्रांवर किती विसंबू आणि मोडी शिकावी लागेल का, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

खासगी कागदपत्रांच्या याद्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली. म्हणून आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे. पत्रांत माणूस खरं बोलतो हे साधारणपणे ठीक आहे, पण तुमचा माणूस मुंबई हायकोर्टाचा बॅरिस्टर होता. बॅरिस्टर पत्र लिहितो तेव्हा ते उद्या कुणीतरी पुराव्यात दाखल करील हे त्याच्या डोक्यात असतंच. त्यातून तो कायदेमंडळात विरोधी पक्षाचा पुढारी असेल तर विचारायलाच नको. जयकरांनी आपले कागद जपले, आलेली पत्रं ठेवली, गेलेल्या पत्रांच्या प्रती ठेवल्या. ही टापटीप तर आहेच, पण मला ती एका मोठ्या खटल्याची तयारीही वाटते. म्हणून पत्र हातात आलं की ‘यात मन काय म्हणतंय’ हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी विचारा: हा कागद म्हणजे नेमकं काय आहे? मूळ पत्र, कच्चा मसुदा, की स्थळप्रत, म्हणजे पाठवणाऱ्याने आपल्याकडे ठेवलेली नक्कल?

हे शहाणपण मला ठेच लागून आलं. एका संग्रहात (कुणाचा ते राहू दे) टंकलिखित, दोन पानी, झणझणीत पत्राची कार्बन प्रत मिळाली. तारीख होती, मायना होता, शेवटी सही नव्हती. कार्बन प्रतीवर सही नसतेच बहुधा, म्हणून मी पुढे गेलो. ‘अमुक तारखेला त्यांनी तमुक पुढाऱ्याला खडसावलं’ असं वाक्य माझ्या एका टिपणात छापूनही आलं. दोनेक वर्षांनी ज्यांना ते पत्र लिहिलं होतं त्यांच्या कागदांत त्याच तारखेचं, त्याच विषयावरचं मूळ पत्र सापडलं. ते सव्वा पानाचं, गोडीगुलाबीचं होतं. खडसावणारा मजकूर टायपिस्टला सांगून झाला होता, रात्री डोकं थंड झालं असावं आणि सकाळी दुसरं पत्र टाइप होऊन गेलं. पहिली प्रत मात्र फायलीत तशीच राहिली. मग मी परत जाऊन ती कार्बन प्रत खिडकीजवळ धरून पाहिली. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक तिरकी रेघ होती, नीट न पाहिलं तर कागदाची घडीच वाटावी अशी. ती रेघ म्हणजे ‘रद्द’. मनातला राग खरा होता, पण राजकारणात घडलं ते गोड पत्र. तुमच्या प्रबंधाला दोन्ही हवीत, फक्त कुठलं काय आहे हे माहीत असलं पाहिजे.

आता जयकरांकडे. जन्म १८७३, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर १९०५. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने पंजाबच्या चौकशीला नेमलेल्या समितीत गांधी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्या बरोबर हेही होते. १९२३च्या निवडणुकीनंतर मुंबई कायदेमंडळात स्वराज्य पक्षाचे पुढारी, १९२६ पासून दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात, १९३०-३१ मध्ये गोलमेज परिषदेत, १९३२ साली पुणे करारावर सही, १९३७ साली फेडरल कोर्टाचे न्यायाधीश. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आज बहुतेकांना त्यांचं नाव माहीत असतं, तेही तिथल्या ग्रंथालयावर ते कोरलेलं आहे म्हणून.

या सगळ्यात तुमच्या कामाची एक गोष्ट अशी की जयकरांनी दोन खंडांचं इंग्रजी आत्मचरित्र लिहिलं. पहिला खंड १९२२ पर्यंत येतो, दुसरा १९२५ पर्यंत, आणि तिथेच गाडी थांबते. १९५९च्या मार्चमध्ये ते गेले. म्हणजे तुमच्या पंधरा वर्षांपैकी पहिल्या तीन वर्षांची कथा त्यांनी स्वतः सांगितली आहे, तीही जुनी पत्रं समोर ठेवून, जागोजागी उद्धृत करत. पुढच्या बारा वर्षांना मात्र सूत्रधार नाही. तिथे तुम्ही आणि कागद, मध्ये कुणी नाही. म्हणून सुरुवात १९२३-२५ पासून करा, पण ती सरावासाठी. आत्मचरित्रात छापलेलं पत्र घ्या, फायलीतलं घ्या, शेजारी ठेवा. काय गाळलं? तारीख बरोबर आहे का? आलेलं पत्र पूर्ण छापलं आणि स्वतःचं उत्तर मात्र दोन वाक्यांत उरकलं, असं कुठे झालंय का? महिनाभर हे केलंत तर त्यांची निवड करण्याची पद्धत तुमच्या अंगवळणी पडेल. तीच नजर पुढच्या, न छापलेल्या कागदांवर उपयोगी येते.

१९२५च्या शेवटी तर खरी गंमत सुरू होते. ऑक्टोबर १९२५ मध्ये मध्यप्रांताच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली. ते स्वराज्य पक्षाचे, म्हणजे सरकारी पद न घेण्याची आण घेतलेल्या पक्षाचे. मोतीलाल नेहरू खवळले. ‘केसरी’चे न. चिं. केळकर आणि जयकर मात्र तांब्यांची बाजू घेऊन उभे राहिले आणि मोतीलालजींनी सडका अवयव कापून टाकण्याची भाषा केली. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याला प्रतिसहकार पक्ष (सरकारशी जमेल तिथे सहकार्य करावं म्हणणाऱ्यांचा) निघाला, एप्रिलमध्ये साबरमतीला दोन्ही गटांचा समेट झाला आणि काही दिवसांतच तो फिसकटला. या सात-आठ महिन्यांत केळकर पुण्यात, त्यांच्याच गटाचे डॉ. मुंजे नागपुरात, जयकर मुंबईत, मोतीलाल अलाहाबाद-दिल्लीत. माणसं लांब आणि भांडण जवळचं, म्हणजे पत्रव्यवहाराला बरकत. कोण कुणाला ‘माय डिअर’ लिहितो, कोण ‘डिअर मिस्टर’वर येतो, हे बघत राहा. मायना थंडावला की बातमी वर्तमानपत्रात यायच्या आधी तुम्हाला कळते.

केळकर, मुंजे आणि जयकर तिघेही मराठी, तिघांनाही उत्तम मराठी लिहिता येत होतं. तरी अशा संग्रहांतला राजकीय पत्रव्यवहार बहुतांश इंग्रजीत का, हा प्रश्न मला नवे संशोधक नेहमी विचारतात. इंग्रजीचा तोरा, असं उत्तर देऊन मोकळं होऊ नका. एक तर कचेरीत टाइपरायटर इंग्रजी आणि टायपिस्टही इंग्रजीचा. शिवाय इंग्रजी पत्राची प्रत तशीच अलाहाबादचे पुढारी तेजबहादुर सप्रू किंवा मोतीलाल यांना पाठवता येते. म्हणजे ‘क’ने ‘ख’ला लिहिलेलं पत्र ‘ग’ वाचणार आहे हे लिहितानाच ठरलेलं असतं. उलट अशा गठ्ठ्यात अचानक शाईने लिहिलेलं मराठी पत्र आलं की कान टवकारा. ‘रा. रा.’पासून ‘क. लो. अ.’ (कळावे, लोभ असावा) पर्यंत सगळं रीतसर असेल, पण ते तिसऱ्याने वाचायचं नाही एवढं नक्की. आणि ता. क. कधी सोडू नका. मराठी माणूस दोन पानं हवापाण्याची लिहितो आणि ज्यासाठी पत्र लिहिलं ते ताज्या कलमात टाकतो.

इथेच मोडीचं सांगून टाकतो. या संग्रहापुरती मोडी ही तुमची पहिली अडचण नाही. त्या पिढीतली जुन्या वळणाची माणसं घरगुती आणि हिशेबी लिखाणात मोडी वापरत, तेव्हा एखादी चिठ्ठी निघू शकते. ती जाणकाराकडून वाचून घ्या. तुम्हाला जास्त छळणार आहे ते घाईत लिहिलेलं इंग्रजी हस्ताक्षर आणि तिथीच्या तारखा. शकात ७८ मिळवले की सन येतो हे शाळेतलं गणित डिसेंबरपर्यंत चालतं. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. काशी-प्रयागहून आलेल्या पत्रात आणखी एक खड्डा आहे. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे आपला भाद्रपद वद्य पक्ष त्यांचा आश्विन कृष्ण पक्ष असतो. पक्ष तोच, चंद्र तोच, महिन्याचं नाव वेगळं. हे न कळल्यामुळे पत्र महिनाभर पुढे सरकवून त्यावर अख्खं प्रकरण रचलेलं मी पाहिलं आहे.

तारीखच नसलेली पत्रं असतील त्यांना घाबरू नका. वकील-आमदाराचं वर्ष ठरलेल्या चाकोरीतून फिरतं, त्याचा फायदा घ्या. कोर्टाच्या सुट्ट्या, अधिवेशनं आणि काँग्रेस या तीन खुंट्या. काँग्रेसचं अधिवेशन नाताळात भरायचं ते उगाच नाही, कोर्टं बंद असायची आणि अर्धं व्यासपीठ वकिलांनी भरलेलं असायचं. मुंबई कायदेमंडळाचं पावसाळी अधिवेशन पुण्यात, कौन्सिल हॉलमध्ये. १९२६ नंतर मध्यवर्ती विधिमंडळ हिवाळ्यात दिल्लीला आणि उन्हाळा उतरताना सिमल्याला. आता समजा, सिमल्याहून लिहिलेल्या कागदावर नुसतं ‘सोमवार’ आहे आणि मजकुरात कालच्या मतदानाचा उल्लेख आहे. कालचा दिवस रविवार, त्या दिवशी मतदान होणार नाही. म्हणजे एक तर ‘काल’ सैलपणे लिहिलाय, नाहीतर पत्र सोमवारी सुरू करून मंगळवारी संपवलंय. शाई बदललीय का ते पाहा. मग छापील कामकाजाचे खंड उघडून त्या हंगामातली मतदानं तपासा. दोन-तीन शक्यता उरतात आणि मजकुरातल्या एखाद्या नावावरून त्यातली एक पक्की होते. हे काम कंटाळवाणं आहे, पण पीएच.डी.चा निम्मा जीव त्यात असतो.

टपालाचा वेगही डोक्यात ठेवा. गोलमेज परिषदेच्या वेळी मुंबई-लंडन पत्राला बोटीने दोन आठवडे लागत. १९२९च्या मार्चअखेर लंडन-कराची हवाई टपाल सुरू झालं, त्यामुळे दिवस कमी झाले, पण सगळेच काही ते वापरत नव्हते. म्हणजे जानेवारी १९३१च्या लंडनमधल्या घडामोडींवर मुंबईहून आलेला सल्ला डिसेंबरातली परिस्थिती धरून दिलेला असू शकतो. मध्ये तार आलेली असते. तार वेगळ्या फायलीत, पत्र वेगळ्या फायलीत. तारीखवार एकच यादी केल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. यादीत प्रत्येक कागदाला दोन तारखांचे रकाने ठेवा, लिहिल्याची आणि पोचल्याची. पोचल्याची तारीख कधी कोपऱ्यात पेन्सिलीने असते, कधी उत्तराच्या पहिल्या वाक्यात. पाकिटं असती तर शिक्के दिसले असते, पण आपल्याकडे पाकीट म्हणजे कचरा अशी समजूत होती. किती इतिहास त्या टोपल्यांतून गेला असेल, देव जाणे.

आता एक प्रसंग जवळून पाहू, कारण त्याची पत्रं त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली आहेत आणि तुम्हाला घरबसल्या सराव करता येईल. १९३०चा उन्हाळा. मिठाचा सत्याग्रह चालू, गांधी येरवड्याच्या तुरुंगात, मोतीलाल आणि जवाहरलाल अलाहाबादेजवळ नैनीच्या तुरुंगात, व्हाइसरॉय आयर्विन सिमल्याला. मध्यस्थ दोघं, तेजबहादुर सप्रू आणि जयकर. नकाशा डोळ्यांसमोर आणा. सप्रूंचं घर अलाहाबादला, म्हणजे नैनी त्यांच्या अंगणात. जयकर मुंबईचे, येरवडा त्यांच्या टप्प्यात. १३ जुलैला दोघांनी व्हाइसरॉयला पत्र लिहिलं. २३ आणि २४ जुलैला येरवड्यात गांधींची भेट. गांधींनी नेहरूंना द्यायला एक टिपण आणि मोतीलालजींच्या नावे एक पत्र दिलं. ते घेऊन दोघं नैनीला. नेहरू पिता-पुत्रांनी २८ जुलैला आपलं म्हणणं लिहून दिलं. ते घेऊन जयकर एकटेच पुन्हा येरवड्याला, ३१ जुलै ते २ ऑगस्ट. शेवटी नैनीच्या कैद्यांनाच खास गाडीने पुण्याला आणलं आणि १३ ते १५ ऑगस्ट येरवड्यात सगळे एकत्र बसले. १५ तारखेच्या पत्रावर दोघा नेहरूंसह गांधी, सरोजिनी नायडू, वल्लभभाई, जयरामदास दौलतराम आणि सय्यद महमूद यांच्या सह्या आहेत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोलणी फिसकटली आणि मध्यस्थांनी पत्रव्यवहार छापायला देऊन टाकला.

आता हे कागद घेऊन बसा आणि एकच प्रश्न विचारा: यातला कुठला कागद कुणी वाचावा म्हणून लिहिला आहे? गांधींचं मोतीलालजींना पत्र मध्यस्थ उघड्या डोळ्यांनी नेणार होते. ते त्यांच्यासाठीही आहे. नैनीचं टिपण येरवड्यासाठी आहे, पण तुरुंगातून बाहेर जाणारा कागद सरकार वाचणार हे लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे. मध्यस्थांचं व्हाइसरॉयला पत्र सिमल्यासाठी, आणि बोलणी फसली तर वर्तमानपत्रांसाठीही. एवढा पत्रव्यवहार आणि त्यात खासगी म्हणावं असं एकही पत्र नाही! छापायला दिलेल्या मालिकेत जे नाही तेच तुम्ही दिल्लीत शोधायचं: सप्रू आणि जयकर एकमेकांना काय लिहीत होते. मधल्या तीन दिवसांत जयकर एकटे येरवड्यात होते, तेव्हा अलाहाबादला काय कळवलं गेलं? प्रवासखर्च कुणी केला, कोर्टातली कामं कुणाच्या गळ्यात घातली? या बारीक चिठ्ठ्यांमधून मध्यस्थीची खरी किंमत कळते. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत तेव्हा बॅरिस्टरला काम सॉलिसिटरकडून येई. जुलै-ऑगस्टात पुणे-अलाहाबाद-सिमला करणाऱ्या बॅरिस्टरकडे ब्रीफ येत राहतील का? म्हणून सॉलिसिटर मंडळींची पत्रं ‘बिगर-राजकीय’ म्हणून बाजूला टाकू नका.

आणि हो, ही अर्धीच टाळी झाली. आलेली पत्रं मुळात असतात, गेलेली असली तर प्रतीत. मूळ दुसऱ्याच्या घरी. जयकरांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, पण सप्रूंचे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. मुंज्यांचे कागद आणि रोजनिशा दिल्लीतच तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात. मोतीलालजींचे कागदही तिथेच. गांधींची बाजू संकलित वाङ्मयाच्या शंभर खंडांत आहे. प्रतिसहकाराची जाहीर बाजू पुण्याच्या केसरी-मराठा ग्रंथालयात, ‘केसरी’ आणि ‘मराठा’च्या जुन्या अंकांत. खासगीत काय लिहिलं आणि त्याच आठवड्यात अग्रलेखात काय आलं हे शेजारी ठेवून वाचायला मला आजही मजा येते.

तिसरी बाजू सरकारची, आणि ती बहुतेक लोक विसरतात. १८९८च्या टपाल कायद्याच्या २६व्या कलमाने सरकारला पत्रं अडवून उघडण्याचा अधिकार होता. ही मंडळी वकील, त्यांना ते कलम पाठ. म्हणून महत्त्वाचं पत्र माणसाबरोबर जायचं. अशा पत्रावर टपालाची खूण नसते, घडी वेगळी असते, कधी कधी मजकुरातच आणणाऱ्याचा उल्लेख असतो. गृहखात्याच्या राजकीय शाखेच्या फायली त्याच अभिलेखागारात आहेत आणि मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागारात गृहखात्याच्या ‘स्पेशल’ फायली आहेत. पुढाऱ्याच्या मनात काय होतं यापेक्षा सरकारला ते काय वाटत होतं हे त्यांत कळतं. दोन्हींत फरक असेल तर तो फरक हाच तुमचा मुद्दा.

व्यवहाराच्या चार गोष्टी. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आधी नीट चाळा. बरंच काही घरी बसून दिसतं. नावं शोधताना रोमन स्पेलिंगच्या सगळ्या तऱ्हा टाकून पाहा. मुंजे, केळकर, खापर्डे ही आडनावं यादी करणाऱ्याने कशी लिहिली असतील याचा नेम नाही, जयकर सुद्धा दोन तऱ्हांनी सापडतात. संदर्भ देताना फायलीच्या क्रमांकावर भागवू नका. कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला, कुठून आणि प्रत कोणत्या प्रकारची, एवढं लिहा. क्रमांक बदलतात, हे पाचही क्वचितच बदलतात. वाचनकक्षात पेन्सिलच चालते, दोन-चार टोक काढून न्या. पातळ कागदावरच्या कार्बन प्रती कडेने तुटतात, त्या तळहाताने खालून आधार देऊन उलटा, बोटाच्या चिमटीने नाही. आणि छापायची वेळ आली तर लक्षात ठेवा, पत्राचा कागद मिळालेल्याचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. लांब उतारे देणार असाल तर आधी विचारून घ्या.

तुमच्या काळाच्या शेवटच्या टोकाबद्दल. १९३७ ला थांबताय ते योग्यच. फेडरल कोर्टाचा न्यायाधीश झालेल्या माणसाच्या राजकीय लेखणीला लगाम बसणारच. तिथून पुढचा संग्रह वेगळ्या प्रश्नांनी वाचावा लागतो. मधलं एक दालन मात्र चुकवू नका, रस्त्यांचं. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष जयकर होते. पेट्रोलच्या गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन ते रस्त्यांवर खर्च करावेत अशी शिफारस त्या समितीने केली आणि १९२९ मध्ये तो रस्ते निधी सुरूही झाला. प्रबंध लिहिणारे हे ‘राजकीय नाही’ म्हणून ओलांडून जातात. अहो, असहकार की प्रतिसहकार या वादात ज्याने उमेदीची वर्षं घातली, त्याला सरकारबरोबर बसून काहीतरी पदरात पाडून घेता आलं ते इथे. प्रतिसहकार प्रत्यक्षात कसा दिसतो याचा याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही. डांबर आणि खडी यांबद्दलची पत्रं कंटाळवाणी असतील, तरी वाचाच.

मार्गदर्शकांना दुखवू नका. त्यांचं म्हणणं खोटं नाही, अर्धवट आहे. त्यांना एवढंच दाखवा: ऑक्टोबर १९२५ ते एप्रिल १९२६ या काळातली जेवढी पत्रं हाती लागतील त्यांची एक तारीखवार यादी, पाच रकान्यांची. तारीख, कोण, कोणाला, प्रतीचा प्रकार, आणि पाचव्यात या पत्राचं दुसरं टोक कुठे असायला हवं ते ठिकाण. पाचव्या रकान्यात कोलकाता किती वेळा येतं, तीन मूर्ती किती वेळा आणि पुणे किती वेळा हे मोजा. पुढच्या प्रवासाची तिकिटं त्या हिशेबाने काढा.